एलाँगेशनचा रकाना

आमच्या लॅबमधून सळईच्या तपासणीचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेकांची नजर थेट शेवटच्या रकान्यावर जाते. पास की फेल. जरा जाणकार असेल तर तो यील्डचा, म्हणजे किती जोराला सळई कायमची लांबायला लागते त्याचा, आकडा बघतो, पाचशेच्या वर आहे ना, मग झालं. त्याच्या शेजारीच एलाँगेशन, म्हणजे तुटेपर्यंत सळई किती लांबली, याची एक टक्केवारी छापलेली असते. तिच्याबद्दल मला कोणी चार प्रश्न विचारलेत असं क्वचितच होतं. गेली कित्येक वर्षं मी याच कामात आहे आणि माझ्या मते त्या कागदावरचा सगळ्यात मोलाचा आकडा तोच आहे.

लॅब कोल्हापूरला. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधून बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, नमुने येतात, बांधकामाच्या साईटवरून सळया येतात, स्प्रिंगा येतात, ट्रॉलीचे पाटे, म्हणजे तिचा भार झेलणाऱ्या कमानदार स्प्रिंगच्या पट्ट्या, येतात, कधी पंपाचा मोडलेला शाफ्ट येतो. आलेला माल आम्ही ओढतो, दाबतो, वाकवतो आणि शेवटी बहुतेक वेळा तोडतो. ओढायचं मशिन म्हणजे यूटीएम, युनिव्हर्सल टेस्टिंग मशिन. खालच्या आणि वरच्या जबड्यात नमुना पकडायचा आणि हायड्रॉलिकने सावकाश ताणत जायचं.

बारा एमएमची सळई घ्या. साधारण दोन फुटांचा तुकडा. आधी वजन करायचं आणि लांबी मोजायची, कारण सळईवर रिब, म्हणजे उंचवट्याच्या रेघा, असल्यामुळे कॅलिपर लावून खरं क्षेत्रफळ मिळत नाही, ते वजनावरून काढावं लागतं. मग पंचने बारीक खुणा मारायच्या. बारा एमएमला गेज लेंग्थ, म्हणजे खुणांमधलं अंतर, ६० मिलिमीटर, म्हणजे जाडीच्या पाचपट. मग मशिन चालू. सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटतं. लोड चढतोय, एक टन, तीन टन, पाच टन, आणि सळई आहे तशीच. पण एक्स्टेन्सोमीटर, म्हणजे सूक्ष्म लांबणं मोजणारं उपकरण, लावलेला असेल तर स्क्रीनवर एक सरळ रेष चढताना दिसते. लोड दुप्पट झाला की ताण, म्हणजे सळईचं लांबणं, दुप्पट. अगदी रूळ ठेवून काढल्यासारखी रेष. या टप्प्यात मशिन थांबवून लोड काढून घेतला तर रेष आल्या वाटेने शून्यावर परत येते आणि सळईला काही झाल्याची खूणही राहत नाही.

पाचशे ग्रेडची, म्हणजे पाचशे मेगापास्कल (दर चौरस मिलिमीटरवर इतके न्यूटन जोर) यील्डची, सळई असेल तर पावणेसहा टनांच्या पुढे कुठेतरी ही रेष संपते. तोवर त्या साठ मिलिमीटरमध्ये सळई किती ताणलेली असते? ०.१५ मिलिमीटर. झेरॉक्सच्या दीड कागदाच्या जाडीएवढी! जुन्या डायलच्या मशिनवर त्या क्षणी काटा थबकतो. हायड्रॉलिक चालूच असतं, सळई लांबतच असते, पण लोड वाढत नाही. पृष्ठभागावरचे काळे पापुद्रे तडतडून उडायला लागतात. सळईच्या अंगावरचा तो कडक थर तिच्याबरोबर ताणू शकत नाही, म्हणून सुटतो. मला हा क्षण फार आवडतो. आता जे लांबलं ते परत यायचं नाही.

इथून पुढे लोड पुन्हा हळूहळू चढतो, एका शिखरावर जातो, आणि मग सळई एका जागी बारीक होऊ लागते. तिथली कंबर डोळ्यांदेखत आवळत जाते, लोड उतरतो, आणि खोलीभर दणका बसतो. पहिल्यांदा बघायला आलेली डिप्लोमाची मुलं हमखास दचकतात. तुटलेली टोकं हातात घ्यायला सांगितली की पुन्हा दचकतात, कारण ती गरम असतात. लोखंडाला कायमचं लांबवण्यात जी ऊर्जा खर्च झाली, तिचा बहुतेक भाग उष्णता होऊन तिथेच असतो. मग दोन्ही तुकडे एकमेकांना नीट जुळवून खुणांमधलं अंतर पुन्हा मोजायचं. साठाचे अडुसष्ट झाले असतील तर एलाँगेशन तेरा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पहिला, परत येणारा टप्पा दीड दशांश मिलिमीटरचा, आणि न परतणारा टप्पा आठ मिलिमीटरचा. सळईचं बहुतेक आयुष्य त्या पहिल्या टप्प्यात जातं, पण तिला घेताना दुसऱ्याचा विचार करावा लागतो.

पहिल्या टप्प्याचा नियम आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलाय. रॉबर्ट हूकने तो १६७८ साली छापला. त्याने वीस, तीस, चाळीस फूट लांबीच्या तारा खिळ्याला टांगल्या, खाली पारडं बांधलं, त्यात वजनं टाकत गेला आणि तार किती उतरते ते मोजत गेला. चाळीस फूट तार घ्यायचं कारण उघड आहे. ताण इतका सूक्ष्म असतो की आखूड तारेत तो दिसणारच नाही. दोन मीटर लांबीच्या, अर्धा मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारेला एक किलो लावलं तर ती जेमतेम अर्धा मिलिमीटर उतरते. तीच तार तांब्याची असेल तर पाऊण मिलिमीटरच्या थोडी वर, ॲल्युमिनियमची असेल तर जवळपास दीड. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला सर्लचं उपकरण असायचं, आठवतं का? शेजारी शेजारी दोन तारा, मध्ये स्पिरिट लेव्हल, बुडबुडा मध्यावर आणायला मायक्रोमीटरचा स्क्रू. त्या वेळी बहुतेकांनी रीडिंग घेतली, जर्नल सही करून घेतलं आणि सोडून दिलं. पण दुसरी तार का असते, हा प्रश्न फार सुंदर आहे. वजन टाकलं की वरचा आधारही किंचित वाकतो, खोलीचं तापमान बदललं की तार आपोआप लांबते किंवा आखडते. दुसऱ्या तारेवरही तेच घडतं, म्हणून दोन्हींतला फरक घेतला की हाती राहतो तो फक्त वजनाचा परिणाम.

आमच्या मशिनलाही हेच लागू आहे. सळई ताणली जाते तेव्हा मशिनचे खांब, स्क्रू, जबडे हे सगळंही थोडं थोडं ताणलं जात असतं, आणि जबड्यात सळई किंचित सरकतेही. नुसतं जबडा किती वर गेला हे मोजून सळईचा ताण काढला तर पोलाद आहे त्याच्या कितीतरी पट मऊ निघतं. म्हणून एक्स्टेन्सोमीटर थेट सळईच्या अंगावर बसवायचा. एखाद्या रिपोर्टवरच्या ग्राफमध्ये सुरुवातीची रेष आडवी पडलेली दिसली तर बहुतेक वेळा तो सळईचा गुण नसतो, मोजणाऱ्याने मशिनचा ताण सळईच्या नावावर मांडलेला असतो.

आता एक गोष्ट, जी मी पोरांना दरवेळी सांगते आणि दरवेळी कोणीतरी हुज्जत घालतं. त्या पहिल्या रेषेचा चढ पोलादाच्या कडकपणाने बदलत नाही. साधं माइल्ड स्टील घ्या, पाचशेची सळई घ्या, नाहीतर पाणी देऊन कडक केलेलं स्प्रिंग स्टील घ्या, तिघांचाही यंग्ज मॉड्युलस, म्हणजे त्या रेषेचा चढ, दोनशे गिगापास्कलच्या आसपास. सारख्या मापाच्या, सारख्या लोडखालच्या तिन्ही पट्ट्या सारख्याच वाकतात. बदलतो तो रेष कुठे संपते तो बिंदू. माइल्ड स्टीलची २५० मेगापास्कलला संपते, पाट्याच्या स्टीलची हजाराच्याही वर जाते.

हंगामाच्या तोंडावर एक ट्रॉलीवाले आमच्याकडे पाटा घेऊन आले होते. "ताई, नवीन घातलाय, एका खेपेत बसला. आधी लोड टाकून बघितला हुता की, झ्याक उचलत हुता." त्यांचं म्हणणं खरंच होतं. थोड्या लोडवर तो पाटा अस्सल पाट्याइतकाच वाकत होता आणि तितकाच परत येत होता. कडकपणा तपासला तेव्हा कळलं की ती बाजारातली साधी पट्टी होती, कमान देऊन रंगवलेली. उसाचा पुरा भार पडला, रेष ओलांडली, आणि पाटा सपाट झाला तो झालाच. हातानं दाबून किंवा थोडं वजन ठेवून हा फरक कळणं शक्यच नाही. पाट्याचं स्टील म्हणजे सिलिकॉन जास्त असलेलं किंवा क्रोमियम-व्हॅनेडियमचं. ते लाल तापवून तेलात बुडवतात आणि पुन्हा चारशे-पाचशे अंशांना तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. एवढ्या खटपटीने मिळतं काय, तर ती सरळ रेष लांबते. जुन्या पाट्यांचे ऊसतोडीचे कोयते लोहार बनवतात, तेही याच स्टीलवर भरवसा ठेवून.

स्प्रिंगचं सगळं आयुष्य त्या सरळ रेषेत जायला हवं. रेष ओलांडली की तिला आम्ही स्प्रिंग म्हणतच नाही. गुंडाळीच्या स्प्रिंगबद्दल एक गंमत सांगते. ती दाबली किंवा ओढली तरी तिची तार फारशी ताणली किंवा दाबली जात नाही, तार पिळली जाते. एखादी ढिली स्प्रिंग हातात घेऊन तारेचं एक वेटोळं नीट बघत हळूच ओढा. वेटोळी लांब जातात, पण तारेची लांबी होती तेवढीच राहते. पिळाचा हिशोब असल्यामुळे जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. तार दहा टक्के जाड घेतली की स्प्रिंग जवळपास दीडपट ताठ. वेटोळ्यांचा व्यास वाढवला तर तिसऱ्या घाताने मऊ. आणि वेटोळी कमी केली तर तितक्या पटीत ताठ. गाडी खाली बसवायची म्हणून स्प्रिंग कापून घेणारे तरुण दिसतात तेव्हा मला त्यांना थांबवून हेच सांगावंसं वाटतं. निम्मी वेटोळी कापून टाकली की स्प्रिंग दुप्पट ताठ होते आणि तिला दबायला जागाही उरत नाही. शिवाय कापताना गॅस वापरला तर तिथलं पाणीच उतरतं.

चांगले स्प्रिंगवाले नवी स्प्रिंग मुद्दाम पूर्ण दाबतात, वेटोळी एकमेकांना टेकेपर्यंत. त्यात तिची उंची थोडी कमी होते, आणि ती कमी होणार हे धरूनच ती जास्त उंच गुंडाळलेली असते. तारेच्या बाहेरच्या थराने एकदा रेष ओलांडली की आत उलट दिशेचा जोर उरतो, आणि पुढे कामात येणाऱ्या लोडला तोच जोर आधार देतो. त्यानंतर ती बसत नाही. आमच्याकडे आलेल्या स्प्रिंगा आम्हीही आधी काही वेळा पूर्ण दाबतो, उंची मोजतो, मगच लोड घेतो.

दुसऱ्या टप्प्यात लोखंडाच्या आत काय होतं, हे माणसाला बऱ्याच उशिरा कळलं. पहिल्या टप्प्यात अणू एकमेकांपासून किंचित दूर जातात आणि सोडलं की परत येतात, एवढंच. पण कायमचं लांबायचं तर अणूंच्या थरांना एकमेकांवरून सरकावं लागतं, आणि अख्खा थर एकदम सरकवायला जेवढा जोर लागायला हवा, त्याच्या कितीतरी कमी जोरात धातू वाकतात. हे कोडं १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघा शास्त्रज्ञांनी, आपापल्या वाटेने, सोडवलं. स्फटिकात रचनेच्या चुका असतात, अर्धवट संपलेल्या ओळी असतात, आणि त्या एकेक पाऊल पुढे सरकत जातात. सगळा थर एकदम हलावा लागत नाही. ताणत गेलं की अशा चुका वाढत जातात, एकमेकींत अडकतात, आणि धातू कडक होत जातो. म्हणून तर काटा थबकल्यानंतर लोड पुन्हा चढतो.

याच गुणावर आपल्याकडे टॉर स्टील चाललं. एका पिढीची घरं त्या पीळदार सळईवर उभी आहेत. सळई थंडपणी पिळायची, म्हणजे तिला कारखान्यातच रेषेपलीकडे नेऊन ठेवायचं. यील्ड वाढतं. पण लांबण्याची जी शिल्लक असते, त्यातली काही आधीच खर्च झालेली असते. आजच्या टीएमटी सळईमध्ये वेगळी युक्ती आहे. लालबुंद सळईवर पाण्याचा जोरदार मारा करतात, बाहेरचं कडं कडक होतं, आतला गाभा सावकाश थंड होऊन मऊ राहतो. सळईचं टोक घासून ॲसिड लावलं की कडं आणि गाभा वेगवेगळ्या छटांचे दिसतात. कडं ताकद देतं, गाभा लांबण्याची तयारी देतो. दोन्ही एकाच सळईत मिळणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

कोल्हापुरात राहून बीडाबद्दल लिहिलं नाही तर फाउंड्रीवाले मला सोडणार नाहीत. बीड ओढायला घेतलं की काटा थबकणं नाही, कंबर आवळणं नाही. टक् असा आवाज आणि काम संपलं. तुटलेला भाग करडा, रवाळ, सपाट. एलाँगेशनच्या रकान्यात लिहायला काही उरत नाही. आता गंमत बघा. एफजी २६० या ग्रेडचं बीड २६० मेगापास्कलला तुटतं. ई २५० ग्रेडचं साधं स्टील २५० ला यील्ड होतं. नुसता आकडा बघितला तर बीड वरचढ! पण ते स्टील यील्डनंतर चारशेच्या पुढे जातं आणि तुटेपर्यंत वीस टक्क्यांहून जास्त लांबतं. बीडातला ग्राफाइट पानांसारखा पसरलेला असतो आणि प्रत्येक पान म्हणजे आतली तयार भेगच. ओतताना मॅग्नेशियम दिलं की तोच ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात बसतो, आणि तेच बीड एसजी, म्हणजे गोळीदार ग्राफाइटचं, होतं, ४०० मेगापास्कल सोसून पंधरा टक्के लांबणारं. अर्थात साध्या बीडाला कमी लेखायचं कारण नाही. दाबाला ते जबर असतं आणि कंपनं गिळतं, म्हणून लेथचा बेड आजही त्याचाच. त्याला फक्त ओढू नये.

आणि इथेच माझा खरा आग्रह आहे. घर बांधताना लोक सळई मजबूत आहे का, एवढंच विचारतात. रोजच्या भारासाठी सगळ्याच सळया पुरतात. भूकंप झाला की गणित बदलतं. इमारत हलते तेव्हा तिच्यात ऊर्जा शिरते आणि ती कुठेतरी खर्च व्हावी लागते. ती खर्च करायची जागा म्हणजे ग्राफमधला तो न परतणारा टप्पा. तुळईला भेगा पडतील, सळई लांबेल, घर वाकडं होईल, दुरुस्तीच्या पलीकडे जाईल, पण आतल्या माणसांना बाहेर पडायला वेळ मिळेल. लांबू न शकणारी गोष्ट कितीही ताकदवान असली तरी ती वेळ देत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत हजारो माणसं गेली, ती बहुतेक दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि मातीच्या जड धाब्यांखाली. त्या भिंतींनी पिढ्यान् पिढ्या वरचा भार बिनतक्रार पेलला होता. ताण सोसायची मात्र त्यांच्यात काही सोयच नव्हती. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का अजून आठवतो. कोयना इथून काही फार लांब नाही.

म्हणून भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस १३९२० या भारतीय मानकामध्ये पाचशेच्या सळईला साडेचौदा टक्क्यांहून जास्त एलाँगेशन मागितलंय. साध्या ५०० ला आयएस १७८६ प्रमाणे बारा टक्के पुरतात. नावापुढे डी असलेल्या ५०० ला सोळा लागतात. म्हणजे बारा टक्क्यांची सळई आमच्या रिपोर्टमध्ये नियमाने पास होते, तरी तुमच्या कॉलमसाठी ती पुरेशी असेलच असं नाही. एकदा एका कॉन्ट्रॅक्टरला हे समजावत होते तर ते म्हणाले, "मॅडम, पास हाय न्हवं? मग झालं की." मी त्यांना दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी ठेवून दाखवले. उंची जवळपास सारखी, पण एक ग्राफ दुसऱ्याच्या बराच आधी संपलेला. ते बराच वेळ बघत राहिले आणि पुढची ऑर्डर डी ची दिली. डी ची सळई काही दुर्मिळ नाही. मागितली तर मिळते. मागत नाहीत, एवढंच.

सळई टेम्पोत बसावी म्हणून मधोमध दुमडून आणतात, साईटवर तीच घण मारून सरळ करतात आणि तो वाकलेला भागही कामात घेतात. हे बघितलं की मला राहवत नाही. त्या घडीच्या जागी सळईने आपली लांबण्याची शिल्लक खर्चून टाकलेली असते. घडीचा भाग कापून टाका, रिंगला वगैरे वापरू नका, भंगारात द्या. तेवढ्यानं कुणी बुडत नाही.

नमुना आणायचा असेल तर एकाच गठ्ठ्यातले, गठ्ठ्याचा टॅग असलेले तीन तुकडे आणा, दोन-अडीच फुटांचे, सरळ. कटरने कापलेले, गॅसने नकोत. वाकलेला तुकडा ठोकून सरळ करून आणू नका, त्याचा यील्ड आणि एलाँगेशन दोन्ही चुकीचे येतात. आणि रिपोर्टसोबत ग्राफ मागा. त्याचे वेगळे पैसे पडत असतील तर तेही द्या.